नीट निघून जाणं

त्या आठवड्यात एकच जहाज आमच्या बंदरात सदतीस वेळा आलं.

जहाज खोटं होतं, हे आधीच सांगून टाकते. चाचणीसाठी मी ते बनवलं होतं. लांबी दोनशे मीटर, माल भरलेला, नाव 'मावशी'. माझी मावशी अशीच येते, न कळवता आणि भरपूर सामान घेऊन. खरी जहाजं त्या दिवसांत लांब बाहेर नांगर टाकून उभी होती, कारण धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. माझ्या खिडकीतून क्रेनच्या नुसत्या माना दिसायच्या, खालचं सगळं पुसलेलं. भर दुपारी दिवे लावून बसावं लागायचं. मधूनच भोंगा वाजायचा आणि तो जवळचा की लांबचा, तेही कळायचं नाही. अशा हवेत माणूस जागेपणीही थोडा झोपलेलाच असतो.

मी बंदराच्या कचेरीत प्रोग्रॅम लिहिते. लिहिते म्हणजे, बहुतेक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले निस्तरते. त्यातला सर्वांत जुना प्रोग्रॅम जहाजांच्या निरोपांचा. जहाज दिसलं की बुरुजावरून निरोप येतो, अमुक जहाज आलं. तो निरोप रांगेत उभा राहतो. प्रोग्रॅम तो उचलतो आणि दोन नवे निरोप दोन वेगळ्या रांगांत ठेवतो. एक पायलटसाठी, की होडी काढा आणि जहाजाला वाट दाखवत आत आणा. दुसरा धक्क्यासाठी, की जागा मोकळी करा. उचलणं एक आणि ठेवणं दोन, अशी ही तिन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेली असतात. झाली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. पायलटला कळलं आणि धक्क्याला कळलंच नाही, तर एवढं मोठं धूड आत आणून ठेवायचं कुठे, डोक्यावर?

हा प्रोग्रॅम सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी लिहिला. मी इथे वशिल्याने लागले असं काही लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. वशिला लावायचा तर बाबांना कुणाशीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते त्यांच्याकडून होणं नाही.

आणि त्याच आठवड्याच्या रविवारी बाबा वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. हे मी जहाजानंतर सांगतेय, पण माझ्या डोक्यात सकाळी उठल्यापासून पहिलं तेच यायचं.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे, लिफ्ट नाही, आणि गुडघे जिन्याच्या प्रत्येक पायरीला कुरकुरणारे. मी त्यांना तीन वेळा विचारलं होतं. पहिल्यांदा चहा पिताना म्हटलं, "बाबा, माझ्याकडे चला ना राहायला. मागची खोली तुमच्यासाठीच ठेवली आहे." त्यांनी चहा संपवला. कप धुतला, पालथा घातला, चपला पायात सरकवल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि निघून गेले. मी पंधरा मिनिटं त्या रिकाम्या घरात बसून राहिले. मग खाली उतरले, तर बाबा माझ्या गाडीपाशी उभे. पोचवायला थांबले असतील असं मला वाटलं. "येते हं बाबा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या वेळीही हेच. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातात कापडी पिशवीसुद्धा होती. बाजारात निघाले असणार. मला इतका राग आला होता की कुठे सोडू का, एवढंही मी विचारलं नाही.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "जागा मिळाली आहे. रविवारी जातोय." कुठली जागा, ते मला खोदून खोदून विचारावं लागलं. नवरा म्हणाला, "अगं, त्यांना नकोच असेल लेकीकडे राहणं. एकेकाचा स्वभाव." मलाही तेच वाटत होतं. परक्यांत राहीन पण हिच्याकडे नाही, असं त्यांचं झालं होतं. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर अपमान जास्त झोंबला.

तर त्या आठवड्यात मी बाबांचा प्रोग्रॅम नव्यात उतरवत होते. त्यांचा जुना प्रोग्रॅम रांगेच्या यंत्राशी त्या यंत्राच्या खास इंटरफेसमधून बोलायचा, इतरांना न कळणाऱ्या भाषेत. पुढच्या वर्षी ते यंत्रच बदलणार होतं. म्हणून मी नवा इंटरफेस निवडला, कुठल्याही कंपनीच्या रांगेशी बोलणारा. निवड विचार करून केली होती आणि मला ती अजूनही पटते. मग ओळीला ओळ लावून सगळं उतरवलं. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही. हाच शहाणपणा नडला.

बुधवारी चाचणी. पायलटच्या जागेवर आमचे कप्तान बसले होते. हे स्वतः तीस वर्षं पायलट होते. निवृत्त झाले, पण चाचणीला बोलावलं की अजून कडक इस्त्री करून येतात. मी 'मावशी'ला सोडलं. माझ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. निरोप उचलला गेला, पायलटच्या रांगेत एक आकडा, धक्क्याच्या रांगेत एक आकडा.

"कप्तान, आला निरोप?"

"नाही."

"अहो, तुमच्या रांगेत एक दिसतोय."

"तुला दिसत असेल. माझ्याकडे कोरं आहे."

तेवढ्यात प्रोग्रॅम काम संपवून बंद झाला, आणि दोन्ही रांगा रिकाम्या झाल्या. पहिल्या रांगेत मात्र 'मावशी' पुन्हा हजर. "आली बाई परत," कप्तान म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

यात भुताटकी काही नाही. ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलेला निरोप रांगेत मोजला जातो, पण ठेवणारा 'पक्कं' म्हणेपर्यंत तो कुणालाच वाचता येत नाही. तोवर तो असतोही आणि नसतोही. मला ही गोष्ट शिकायला लागले तेव्हापासून आवडते. सांगून झालेलं आहे, फक्त पोचलेलं नाही, अशी एक जागा जगात आहे, याचं मला बरं वाटतं. आता 'पक्कं' म्हणायची आज्ञा म्हणजे कमिट. ती बाबांच्या प्रोग्रॅममध्ये कुठे आहे ते मी शोधायला गेले, आणि गारच पडले. ती कुठेच नव्हती. वरपासून खालपर्यंत एकदाही नाही. सव्वीस वर्षं कुणीही 'पक्कं' न म्हणता जहाजं आत येत होती.

"एक ओळ घालते आणि मोकळी होते," मी म्हटलं.

"घाल की," कप्तान म्हणाले. "पण जुनं का चालत होतं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. उद्या धुक्यात होडी घेऊन जाणारा माझ्या जागी कुणीतरी असेल. तुझ्या बाबांना विचार ना. त्या जुन्या यंत्राची पुस्तकं रद्दीत गेली असतील, बाबा आहेत अजून."

"त्यांना विचारून उत्तर मिळतं का?"

कप्तान हसले. "तेही खरंच. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण त्यांच्या तोंडून 'हो' ऐकल्याचं मला आठवत नाही. 'नाही' मात्र खणखणीत ऐकलंय. तेही ठाण मांडून, तासभर, कागदावर आकृत्या काढून. 'हो' कधी म्हणाले नाहीत, पण काम झालेलं असायचं."

मी विचारलं नाही. मी रुसले होते, आणि चाळिशीच्या बाईला आपण रुसलो आहोत हे कबूल करणं जड जातं. त्याऐवजी मी बुधवार, गुरुवार, शुक्रवार 'मावशी'ला सोडत राहिले. ती यायची, आकडे उमटायचे, प्रोग्रॅम बंद व्हायचा आणि ती पुन्हा बंदराच्या तोंडाशी. प्रत्येक निरोपावर तो कितव्यांदा उचलला गेला याची नोंद असते. ती नोंद अकरा झाली, वीस झाली. बाहेर धुक्यात खऱ्या जहाजांचे भोंगे वाजत होते आणि आत माझं खोटं जहाज येतच होतं. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. या म्हटलं नव्हतं, इतकंच.

शुक्रवारी दुपारी टेबलावरच माझा डोळा लागला. स्वप्नात मी एका लांब ओसरीवर उभी होते. ओसरीवर माणसांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात घडी केलेला कागद. मी मोजत गेले, सगळी भरली, पण कुणाचा कागद उलगडला की तो कोरा. रांगेच्या शेवटी ओसरी संपली आणि धक्का लागला. तिथे बाबा उभे होते, हातात ती कापडी पिशवी. पाण्यावरून आवाज न करता 'मावशी' आली, एवढी जवळ की तिच्या अंगावरचा गंज दिसत होता. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं. ती मागे सरकली आणि धुक्यात गेली. पुन्हा आली. बाबांनी पुन्हा पाऊल टाकलं. आणि मी लांबून हात हलवत म्हणत होते, "येते हं बाबा." हे मी का म्हणतेय ते मला स्वप्नातही समजत नव्हतं, पण तोंड थांबत नव्हतं.

जागी झाले तेव्हा गालावर कीबोर्डचे चौकोन उमटले होते. नोंद सदतीस झाली होती.

शनिवारी दुपारी मी बाबांचं सामान बांधायला गेले. बांधायला फारसं नव्हतंच. एक पेटी भरून दाराशी ठेवलेली. आईचं कपाट रिकामं, खिडकीतल्या कुंड्या नाहीत, आणि भिंतीवर तसबिरी होत्या तिथे उजळ चौकोन. धुकं इथपर्यंत आलं होतं. समोरची इमारत कुणी अर्धवट खोडल्यासारखी दिसत होती. बाबांनी चहा केला. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसलो. उद्याचा विषय नको, म्हणून मी कामाचं काढलं.

"बाबा, तुमच्या जहाजांच्या प्रोग्रॅममध्ये कमिट कुठे आहे?"

त्यांनी मान वर केली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड दिसला.

"नाही."

"नाही ते मलाही दिसलं. मग पक्कं कसं व्हायचं?"

"निघताना."

"निघताना म्हणजे?"

"काम झालं, नीट दार लावून निघालं, की सगळं पक्कं," बाबा म्हणाले. "त्या इंटरफेसमध्ये तसंच होतं. प्रोग्रॅम मध्येच कोसळला, धडपडला, तरच सगळं उलटतं. नीट निघून गेला म्हणजे मान्यच आहे. वेगळं बोलायचं कशाला?"

बाबा एवढं सलग बोलले म्हणून मी आधी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचं बोलणं हळूहळू माझ्या आत उतरायला लागलं.

"नव्यात उलटं आहे," मी म्हटलं. "नव्यात तोंडाने कमिट म्हणावं लागतं. न म्हणता निघून गेलं, तर नको असेल असं धरतात. सगळं परत जागच्या जागी."

"नीट निघून गेलं तरी?"

"नीट निघून गेलं तरी."

बाबांना खरंच नवल वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला. "मग ते जहाज बिचारं," ते म्हणाले, "तिथेच उभं राहणार की."

मी उठले. दारामागच्या खुंटीवर ती कापडी पिशवी लटकत होती. आल्यापासून मला ती दिसत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. काढून उघडली. आत टॉवेल, घरात घालायचे दोन जोड, दात घासायचा ब्रश, वाचायचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या. गोळ्यांच्या पाकिटावर औषधवाल्याने तारीख लिहिली होती, अडीच महिन्यांपूर्वीची. मी तिसऱ्यांदा विचारलं त्याच आठवड्यातली.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी बाजारात निघाला नव्हतात?"

"बाजारात कशाला? गाडीपाशी उभा होतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? तूच 'येते' म्हणालीस आणि गेलीस." ते टेबलावरचा चहाचा ओघळ बोटाने पुसत होते. "पहिल्यांदा म्हटलं, विसरली असेल. कामं असतात तुला. दुसऱ्यांदाही तसंच. मग पिशवी घेऊन उतरलो, म्हटलं पिशवी दिसली तरी लक्षात येईल. तू पिशवीकडे बघितलंस आणि गाडी सुरू केलीस. तेव्हा समजलो, ही तोंडदेखलं विचारते. लेकीला अडचण नको, म्हणून तिकडे अर्ज दिला."

मला रडू आलं. लपवायच्या भानगडीत मी पडले नाही. हा माणूस माझ्यासाठी तीन वेळा ते तीन जिने उतरला होता आणि तीन वेळा एकटाच चढून गेला होता, ते गुडघे घेऊन.

आणि मग आई आठवली. शाळेची चार दिवसांची सहल होती. मी भीतभीत बाबांना विचारलं, ते वर्तमानपत्राची घडी घालून, चपला घालून, दार ओढून निघून गेले. मी मुसमुसायला लागले. आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "रडतेस काय? भर पिशवी." मला जन्मभर वाटत आलं की आईने बाबांना न जुमानता मला पाठवलं. सायकल, वसतिगृह, लग्नसुद्धा. प्रत्येक वेळी बाबा उठून गेले आणि प्रत्येक वेळी आईने मला सांगितलं, जा. मी आईच्या गळ्यात पडायचे आणि बाबांशी दोन दिवस अबोला धरायचे. आई फक्त त्यांचं म्हणणं मला वाचून दाखवत होती.

मी डोळे पुसले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, माझ्याकडे चला राहायला. आज. आत्ता. त्या लोकांना मी उद्या सकाळी फोन करते."

बाबांनी उरलेला चहा संपवला. घाई नाही. उठले, कप धुतला, माझाही धुतला, दोन्ही पालथे घातले. गॅसचा कॉक बंद केला. चपला पायात सरकवल्या. एकदा घरभर नजर फिरवली आणि बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं. कडी बसल्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. मग त्यांची जिन्यावरची पावलं, एकेक पायरी थांबत.

या वेळी मी पंधरा मिनिटं बसले नाही. पेटी एका हातात, पिशवी दुसऱ्या, कुलूप कसंबसं लावलं आणि खाली आले. रस्ता सगळा पांढरा झाला होता, आमच्या फाटकाचा दिवा तेवढा लागलेला. बाबा गाडीपाशी उभे होते, हात मागे बांधून, फाटकाकडे बघत. मी दार उघडलं. ते आत बसले, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली. मी पेटी मागे टाकली आणि स्टिअरिंगपाशी येऊन बसले. किल्ली फिरवली, काच पुसली. कुठूनतरी लांबून एक भोंगा वाजला.

"हो," बाबा म्हणाले.

"काय हो?"

ते समोर बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझ्यात तोंडाने सांगावं लागतं ना," ते म्हणाले. "म्हणून."